दत्तक नातवाला भेटायला परदेशी जाताना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांतून एक काळजी सारखी ऐकू येते. मुलगा-सून परदेशात, तिकडंच मूल दत्तक घेतलेलं, आणि इकडं आज्जी-आजोबांच्या पोटात गोळा. त्याला आपला लळा लागेल का? आपल्याला त्याचा? रक्ताचं नाव उघडपणे फार थोडे घेतात. बाकीचे "कधी जाऊ, काय नेऊ" असं विचारतात आणि त्याच्या आड हाच प्रश्न असतो.

माझ्याकडं समुपदेशनाला आलेल्या शहापूरच्या एका आज्जींचं सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. मुलगा-सून इंग्लंडमध्ये. तीन वर्षांचा मुलगा तात्पुरता सांभाळ करणाऱ्या कुटुंबाकडून त्यांच्या घरी यायचा होता. आज्जी तिकिटाची चौकशी करून मोकळ्या झाल्या आणि सुनेनं फोनवर सांगितलं, सुरुवातीचे काही आठवडे कुणीच येऊ नका.

"मी परकी झाले काय हो? नातू येऊलालाय आणि मलाच येऊ नको म्हणत्यात."

सून तुसडी नव्हती. तिथले समाजसेवक दत्तक आईबापांना हेच बजावतात. या मुलाची माणसं आधीच बदललेली असतात. भूक लागली, पडलं, रात्री दचकून उठलं तर धावून येणारी माणसं ही दोनच, हे त्याला अनुभवानं कळावं लागतं. म्हणून भरवणं, आंघोळ, कुशीत घेणं फक्त आईबापांनी करायचं. आधी एक नातं घट्ट, मग बाकीची. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बींनी मुलांच्या ताटातुटीबद्दल जे मांडलं त्यावर माझा भरवसा आहे, आणि समोर येणारी घरं बघता तो वाढतच गेलाय.

हे सगळं आज्जींनी ऐकून घेतलं, पण त्यांना पटलं नाही. पुढच्या भेटीत मी दुसरंच विचारलं, "आज्जी, तुमच्या पहिल्या बाळंतपणात खोलीत कोण कोण यायचं?"

"आई. आणि बाळाला न्हाऊ घालणारी बाई. सव्वा महिना आईनं दुसऱ्या कुणाला आत पाऊल टाकू दिलं नाही. सासरे आले ते दारातनंच बघून गेले."

"राग आला त्यांना?"

"राग कशाचा? बाळंतिणीची खोली ती." मग जरा वेळानं, "म्हणजे सून आता बाळंतीण हाय म्हणा की."

"तीन वर्षांच्या पोराची बाळंतीण."

आज्जी हसल्या, मग डोळ्यांना पदर लावला. मी पुढं काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं गप्प बसावं, हे शिकायला पुस्तकं पुरत नाहीत. त्यांची जागा पाळण्याशेजारची नव्हती, सुनेच्या पाठीशी होती, आणि ती त्यांची त्यांनाच सापडली होती. लळ्याचा प्रश्न त्यांनी परत काढला नाही. त्यानंतर विचारलं ते एवढंच, "मग मी जाऊन करू काय?" याला मात्र चोख उत्तर देता येतं.

आधी तारीख. मूल घरी येण्याआधी तिकीट काढू नका. ओळख करून देण्याचे दिवस मुलाच्या कलानं लांबतात. इंग्लंडमध्ये संस्थेमार्फत आलेलं मूल किमान 10 आठवडे घरात राहिल्यावरच दत्तकाच्या आदेशासाठी कोर्टात अर्ज करता येतो. माझ्या मते पहिली भेट त्यानंतरची बरी, आणि तीही महिन्याभराची. व्हिजिटर व्हिसावर 6 महिने राहता येतं म्हणून 6 महिने राहू नये. आदेश झाल्यावर कोर्टात एक छोटा आनंदसोहळा असतो आणि त्याला घरच्यांना जाता येतं. त्या सुमारास जमलं तर उत्तमच.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त 3 महिने आधी करता येतो. आपल्या भागात अडतं ते कागदांवर. शाळेचा दाखला मराठीत, जमिनीचा उतारा कन्नडात, आणि आधारवर आडनाव कधी पुढं तर कधी नुसतं आद्याक्षर. पासपोर्टवरचं नाव सगळीकडं जुळतंय का ते आधी बघा. जोडायचे मराठी-कन्नड कागद प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह द्या. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. प्रवास विमा हवाच, कारण दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर पाहुण्याला बिल येतं.

आपली बेळगावची दुधाची मिठाई, कुंदा, नेऊ नका. दुधाचे पदार्थ भारतातून तिकडं न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. पेढे, तूप, खवा, सगळं त्यातच आलं. लाडू तिकडं जाऊन, तिकडच्या तुपात करा, आणि पहिला सुनेच्या हातावर ठेवा.

जाण्याआधी व्हिडिओ कॉल. रोज ठरलेल्या वेळी, पाच-दहा मिनिटं. "मला ओळखलंस का?" असं विचारू नका, "पापा दे" म्हणू नका. या आज्जी फोन डब्याला टेकवून चपात्या लाटायच्या. चारेक दिवस पोरगा आईच्या पायामागून बघत होता. मग एक दिवस त्यानं स्वतःच्या हातातला मातीचा गोळा स्क्रीनसमोर धरला. आज्जींनी आपला कणकेचा गोळा पुढं केला आणि परत लाटायला लागल्या. एवढंच केलं, आणि तेवढंच योग्य होतं.

घरी पोचल्यावर आपण होऊन उचलू नका. काही मुलं उलट पहिल्याच दिवशी येऊन मांडीवर बसतात आणि आज्जीला धन्य वाटतं. इथं सावध राहा. दिसेल त्याच्याकडं जाणाऱ्या मुलाला कधीकधी आपलं माणूस कोण हे अजून उमगलेलं नसतं. हसून म्हणा, "चल, आईला दाखवू या," आणि आईकडं न्या. भरवायची वाटी तुमच्या हातात असली तरी ती सुनेकडं द्या. खिशात बिस्किटं लपवताना दिसला तर ओरडू नका. कधीकाळी पुरेसं न मिळालेली मुलं असं करतात. भांडी, कणीक, धुणं तुम्ही घ्या, म्हणजे सुनेला त्याच्याजवळ बसता येईल.

बारसं करून नाव बदलायची हौस आवरा. त्याचं नाव हे त्याच्याबरोबर आलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक आहे. फोटो भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. जन्मघराला ठावठिकाणा कळू नये असं प्रशासनानं ठरवलेलं असू शकतं, आणि ग्रुपवरचा फोटो कुठवर जाईल याचा नेम नाही. "कुणाचा? कुठल्या जातीचा?" असं गल्लीत विचारतील, विचारतातच. "आमच्या लेकाचा" एवढं उत्तर पुरे. बाकीची कहाणी त्या मुलाची आहे, ती कुणाला सांगायची हे मोठा झाल्यावर तो ठरवेल.

सगळ्यात जास्त गडबड होते परतताना. पोर रडेल म्हणून ते झोपल्यावर गुपचूप निघायची आपली जुनी रीत आहे. या मुलाशी असं कधीही करू नका. माणसं न सांगता नाहीशी होतात, हे त्यानं आधीच भोगलंय. आठवडाभर आधी कॅलेंडरवर खूण करा, रोज एक दिवस त्याच्या हातानं खोडू द्या, विमानतळावर त्याच्या देखत निरोप घ्या. तो रडला तर रडू द्या, आई जवळ आहे. आणि घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी फोन लावा, कितीही थकवा असला तरी.