एकाच शब्दाचा प्रत्येक क्षेत्रात वेगळा अर्थ होतो, असा कोणता मराठी शब्द तुमच्या रोजच्या वापरात आहे?

माझ्यासाठी तो शब्द 'ताण'. मी अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यातला, घरी संत्र्याचा बगिचा.

आमच्याकडे ताण येत नाही, तो द्यावा लागतो. आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारा संत्र्याचा फुलोरा, धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत झाडांचं पाणी तोडतात, तोच ताण. हलक्या जमिनीत महिनाभर पुरतो. भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिनेही लागतात, कारण ती माती ओल सोडत नाही. झाडाची वाढ थांबते, पानं पिवळी पडून काही गळतात आणि फांद्यांत अन्न साठून राहतं. मग पाणी दिलं की त्याच साठ्यावर फुलं निघतात. ते पहिलं पाणी म्हणजे 'ताण तोडणं'. कमी पडला तर फूल कमी, जास्त झाला तर फांद्या वाळतात. मधेच अवकाळी पाऊस आला तर ताण आपोआप तुटतो आणि वर्षाचा बहार हातून जातो.

वऱ्हाडीत 'ण'चा 'न' होतो, आणि तहानेलाही जुनी माणसं 'तान'च म्हणतात. "बगिचा तानावर हाये" हे आजोबांकडून ऐकताना मला लहानपणी झाडं तहानलेली आहेत असंच वाटायचं. खोटं नव्हतं ते.

विजेच्या खांबाचा ताण निराळा. खांब कलू नये म्हणून तिरपी ओढून जमिनीत गाडलेली तार, ती ताण. तिच्यात मधे चिनीमातीचा अंडाकार इन्सुलेटर असतो. वरची वाहती तार ताणाला टेकली तरी वीज खाली उतरू नये म्हणून. तो फुटका असेल किंवा बसवलेलाच नसेल, तर पावसाळ्यात जनावर जागीच जातं. ताणाला बैल बांधू नका, एवढं मात्र कळकळीनं सांगतो.

शाळेत पृष्ठताण शिकलो. फवारणीच्या पंपात औषधासोबत स्टिकर नावाचं द्रव टाकतो तो हाच कमी करायला, म्हणजे थेंब पानावर गोळा न होता पसरतो.

राहिला मनाचा. दोन वर्षं बहार गेल्यावर बाबांची झोप उडाली, तेव्हा त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "ताण घेऊ नका." बाबा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "घेतल्या त गेला, साहेब. आता तोडाचा कसा, थे सांगा." डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं, खुर्ची जवळ ओढली आणि पहिल्यापासून सगळं विचारायला लागले.