रेलून चालवायच्या सायकलला घरीच मोटर: तुमचे प्रश्न

रिकम्बंट म्हणजे मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची सायकल. तिला घरी मिड-ड्राइव्ह, म्हणजे चाकात न बसता साखळीला जोर देणारी मोटर बसवायचं विचारणारे खूप झाले, गोंधळ सगळ्यांचा तोच, म्हणून इथंच सांगतो.

हब मोटर सोपी नाही का पडत? (हिंगणघाट)

पडते, ती चाकाच्या मधोमधच बसते. सपाट रस्ता असेल तर तीच लावा.

चिखलदऱ्याचा घाट चढायचा आहे. (परतवाडा)

मग मिड-ड्राइव्हच. तिचा जोर साखळीतून मागच्या गिअरवर जातो, चढावर हलका गिअर टाकला की मोटर आपल्या फेऱ्यांवर फिरत राहते, हब मोटर तिथं मंदावते न तापते. गिअरवाली मोटर मिनिटाला तीनशे फेरे देत असेल न तुम्ही पाय पंच्याहत्तर मारत असाल, तर मोटरच्या दातेरी चकतीवर ९ दाते, ती जी चकती फिरवते तिच्यावर ३६. मोटरवरचे फेरे आधी मोजून घ्या.

मोटर पुढे पेडलजवळ लावली, साखळी सारखी उतरते. (वरोरा)

जागाच चुकली. या सायकलची साखळी साधीच्या अडीच-तीन पट लांब, त्यात पायाचा न मोटरचा दोघांचा ताण तिच्यावर आणि मधल्या पुलीवर येतो. सीटखाली मधला शाफ्ट टाकून मोटर त्यावर घ्या, म्हणजे पुढची साखळी फक्त पायाची राहते. ताणाच्या बाजूची पुली दात्यांची, बेअरिंगवाली पाहिजे. पेडलकडे फ्रीव्हील (पाय थांबले तरी साखळी फिरू देणारा भाग) नसेल तर मोटर पाय ओढत नेते, घोटा मोडू शकतो. शाफ्टचं माप लेथवाल्याला दाखवा, अंदाजानं वेल्डिंग नको.

लायसन लागते का? (पुसद)

२५० वॅटच्या आतली, ताशी २५ किलोमीटरच्या आतली आणि मान्यताप्राप्त संस्थेनं तपासलेली गाडी मोटर वाहनात धरत नाहीत. घरी बनवलेली तपासलेली नसते. आरटीओत विचारा.

दुकानदार म्हणतो ४८ व्होल्टचा कोणताही चार्जर चालते. दुपारी लाईन असते तेव्हा टिनाच्या शेडात लावून शेतात जातो. (घाटंजी)

हे वाचून मला खरंच भीती वाटली भाऊ. कोणताही चार्जर चालत नाही! १३ सेलचा लिथियम-आयन पॅक ५४.६ व्होल्टला भरतो, १६ सेलचा लिथियम फॉस्फेट ५८.४ ला, आणि डब्यावर दोघांच्याही ४८ च लिहिलेलं असते. फॉस्फेटचा चार्जर आयनला लावला तर एकेका सेलवर साडेचार व्होल्टच्या आसपास जाते, सोसते ४.२. मध्ये फक्त बीएमएस, म्हणजे व्होल्ट जास्त झाले की चार्जिंग तोडणारा पॅकमधला सर्किट बोर्ड, उभा असतो, न स्वस्त पॅकात तो कसा असेल हे दुकानदार सांगत नाही, त्याला चार्जर खपवायचा असतो. माझ्याकडे असाच फुगलेला पॅक आला होता, मालक महिनाभर "पाहू पाहू" करत तोच वापरत होता. दुसरं, बहुतेक लिथियम सेल ४५ डिग्रीच्या वर चार्ज करायचे नसतात, आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच तेवढं असते, टिनाखाली तर विचारूच नका. पहाटे लावा, सायकल चालवून आल्यावर पॅक थंड होऊ द्या, समोर माणूस असू द्या, आणि कापूस भरलेल्या खोलीत तर कधीच नको, तिथं एक ठिणगी पुरते. बॅटरीच्या प्लस वायरला, बॅटरीजवळच फ्यूज टाका. चार्जर आजच काढा न पॅक उघडून पाहणाऱ्या कारागिराकडून सेलचे व्होल्ट मोजून घ्या, तुम्ही स्वतः उघडू नका.

ब्रेक दाबल्यावर मोटर बंद करणारा स्विच लावू का? (आर्वी)

लावाच, दोन्ही ब्रेकला.

गुडघे दुखतात म्हणून मोटर घ्यायची आहे. (वणी)

आधी हाडाच्या डॉक्टरला दाखवा.