आधी वेळापत्रक, मग नकाशा

तुमचा बेत मला कळला तो असा: घर इंडियानापोलिसला, जुलैमध्ये आई-बाबा पुण्याहून येतायत, दहा वर्षांच्या लेकाला बेसबॉलचं वेड, हाताशी आठ-नऊ दिवस आणि घरची गाडी. बेसबॉलचे सामने बघायच्या यादीत शिकागो, सेंट लुईस, न्यूयॉर्क आणि बॉस्टन. एवढं सगळं जमेल का, असं विचारलंय.

ओढूनताणून जमेल, पण आई-बाबांच्या लक्षात फक्त हायवे आणि पेट्रोल पंप राहतील. न्यूयॉर्क-बॉस्टन या खेपेला सोडा. बॉस्टनचं फेनवे पार्क हे बेसबॉल मैदान १९१२ पासून उभं आहे, पुढच्या उन्हाळ्यातही असेल. तुमच्या घराभोवतीच एक छान रिंगण होतं: शिकागो, मिलवॉकी, डेट्रॉइट, क्लीव्हलंड, पिट्सबर्ग, सिनसिनाटी आणि परत घर. सहाच्या सहा ठिकाणी सामना बघायचा हट्ट धरू नका. चार सामने झाले तरी पुष्कळ. 'किती स्टेडियम केली' हा आकडा गप्पांत मिरवायला बरा असतो, पण सत्तरीतल्या माणसांना घेऊन फिरताना त्याचा काडीचा उपयोग नाही.

आणि नकाशा उघडायच्या आधी वेळापत्रक उघडा. प्रत्येक संघ मोसमात १६२ सामने खेळतो, त्यातले ८१ घरी. एक संघ साधारण आठवडाभर घरी असतो, मग आठवडाभर दौऱ्यावर. म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा यजमानच गावाला गेलेले असण्याची शक्यता चांगलीच. एका कागदावर वर तारखा, डावीकडे शहरं लिहा आणि घरच्या सामन्यांवर खुणा करा. रिंगण शिकागोकडून फिरायचं की सिनसिनाटीकडून, ते त्या खुणाच सांगतील. हॉटेलं त्यानंतर. जुलैच्या मध्याला सगळ्या संघांतल्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना असतो, त्याच्या आगेमागे तीन-चार दिवस नेहमीचे सामने बंद. नेमक्या त्या आठवड्याची रजा टाकून बसलेली मंडळी दरवर्षी भेटतात.

बुधवार-गुरुवारचे दुपारचे सामने हुडकून काढा. मालिका संपवून संघाला त्याच दिवशी पुढच्या गावी निघायचं असतं, म्हणून हे सामने दुपारी ठेवतात. तुम्हालाही तेच सोयीचं. एकला सुरू झालेला सामना चारच्या सुमारास संपतो आणि पुढचं शहर उजेडात गाठता येतं. २०२३ पासून पिचरला, म्हणजे इथल्या गोलंदाजाला, चेंडू टाकायला घड्याळ लावलंय, त्यामुळे सामने आता बहुतेक पावणेतीन तासांच्या आत आटोपतात. आई-बाबांसाठी ही मोठीच सोय झाली.

'एक बेसबॉल मैदान बघितलं की सगळी बघितली' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पिचरपासून होम प्लेट (फलंदाज उभा राहतो ती जागा) ६० फूट ६ इंच आणि दोन बेसमध्ये (धावताना गाठायच्या टप्प्यांमध्ये) ९० फूट, एवढं सगळीकडे सारखं. त्यापलीकडे प्रत्येक गावाचा आपापला कारभार. भिंत किती लांब, किती उंच, कुठे वाकडी, हे त्या त्या जागेने आणि बांधणाऱ्याने ठरवलेलं. आपल्याकडे सीमारेषेची दोरी आतबाहेर सरकवतात, इथे भिंतच पक्की बांधलेली. त्यामुळे एका मैदानावरचा होम रन, म्हणजे थेट भिंतीपलीकडे गेलेला फटका, दुसऱ्या मैदानावर साधा झेल ठरू शकतो. बाबा क्रिकेट बघणारे असतील तर त्यांना पहिल्याच दिवशी एवढं सांगून ठेवा, ते स्वतःच प्रत्येक ठिकाणी भिंती न्याहाळत बसतील.

शिकागोत रिग्ली फील्ड, १९१४ चं. भिंतीवर १९३७ मध्ये लावलेली वेल अजून आहे, जुलैत ती गच्च हिरवी असते. चेंडू त्या पानांत अडकला की फलंदाजाला दोन बेस देऊन खेळ थांबवतात. मधोमध वर हिरवा धावफलक आहे, तोही १९३७ चाच, आणि अजून हाताने चालतो. आत माणसं बसलेली असतात. लेकाला एका चौकोनावर नजर ठेवायला सांगा: जुनी पाटी आत जाते, क्षणभर काळं भोक दिसतं आणि नवा आकडा येऊन बसतो. फलकाच्या वरचे संघांचे झेंडे त्या दिवशीच्या क्रमवारीप्रमाणे लावलेले असतात. इथे प्रकाशझोत आले ते थेट १९८८ मध्ये, त्यामुळे शक्यतो दुपारचाच सामना बघा. गाडी मात्र अजिबात नेऊ नका, पार्किंगला सोन्याचा भाव असतो. रेड लाइन या लोकल गाडीने ॲडिसन स्टेशनला उतरा, मैदान समोरच. तिकीट काढताना 'दृश्यात अडथळा' असं लिहिलेल्या जागा टाळा. जुन्या बांधकामाचे खांब मध्ये येतात आणि मग तीन तास मान वाकडी.

मिलवॉकीला छत उघडमीट होतं, म्हणजे पावसाची काळजी मिटली. सामन्याआधी पार्किंगमध्येच लोक शेगड्या पेटवून बसतात, सगळीकडे धूर आणि सॉसेजचा वास. आई शाकाहारी असेल तर इथे वेळेवर पोचा, फार आधी नको. सहाव्या इनिंगला सॉसेजच्या वेषातली माणसं धावण्याची शर्यत लावतात. बावळट प्रकार आहे, पण सगळं स्टेडियम उभं राहून ओरडतं.

मिलवॉकीहून डेट्रॉइटला जाताना पुन्हा शिकागोच्या गर्दीत शिरू नका. मिशिगन सरोवर ओलांडून मस्कीगनला जाणारी वेगवान फेरी आहे, गाडीसकट नेते, साधारण अडीच तास. पेट्रोलपेक्षा महाग पडेल, आगाऊ आरक्षण लागेल, पण चारही बाजूंना पाणीच पाणी बघून आई-बाबा त्या सरोवराला समुद्रच म्हणतील. पलीकडे घड्याळ एक तास पुढे, ते विसरू नका.

डेट्रॉइटच्या कोमेरिका पार्कमध्ये लहानांसाठी वाघांचं फिरतं चक्र आणि बेसबॉलच्या आकाराच्या पाळण्यांचा रहाटपाळणा आहे. क्लीव्हलंडला वेळ कमी असेल तर सामना सोडलात तरी चालेल. मैदानाशेजारच्या पुलावरचे भव्य दगडी रक्षक तेवढे बघा. संघाने २०२२ च्या मोसमापासून गार्डियन्स (म्हणजे रक्षक) हे नाव घेतलं ते त्यांच्यावरून.

पिट्सबर्गला मात्र दोन रात्री राहा, बाकी कुठे काटछाट करावी लागली तरी चालेल. माझ्या मते पीएनसी पार्कइतकं देखणं मैदान दुसरं नाही. गाडी नदीच्या अलीकडे गावात लावा आणि रोबेर्तो क्लेमेंते पुलावरून चालत जा. सामन्याच्या दिवशी तो पिवळा पूल वाहनांना बंद असतो, सगळी माणसं काळ्या-पिवळ्या जर्सीत पायी निघालेली असतात. पलीकडे क्लेमेंतेचा पुतळा आहे. पोर्तो रिकोचा हा खेळाडू नेमक्या ३,००० हिट्सवर (बेस गाठून देणाऱ्या फटक्यांवर) थांबला. निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान ३१ डिसेंबर १९७२ ला समुद्रात कोसळलं. त्याचा क्रमांक २१, म्हणून उजवीकडची भिंत २१ फूट उंच. लेकाला आत शिरण्याआधी ही गोष्ट सांगा, मग भिंत दाखवा. इथे खालची महागडी जागा घेऊ नका. होम प्लेटच्या मागे किंवा तिसऱ्या बेसच्या बाजूला वरच्या मजल्यावर बसा. नदी, पूल आणि इमारती समोर येतात ते तिथूनच.

बाबांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट: २००८ मध्ये पिट्सबर्गच्या याच पायरेट्स संघाने रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भारतातल्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं होतं. दुय्यम लीगमध्ये खेळले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेन हिल्सचं व्यंकटेश्वर मंदिर करा. दर्शन होईल आणि चिंचेचा भात, दहीभात मिळाला की चार दिवसांच्या पिझ्झाचा शीणही जाईल.

सिनसिनाटी परतीच्या वाटेवरच आहे. १८६९ मध्ये उघडपणे सगळ्या खेळाडूंना पगार देणारा पहिला संघ इथला. मैदान ओहायो नदीकाठी, संध्याकाळ बरी जाते. सामना संपवून दोन तासांत घरी.

बसायच्या जागेबद्दल. दुपारी बहुतेक मैदानांत तिसऱ्या बेसच्या बाजूला लवकर सावली येते. पिट्सबर्ग आणि डेट्रॉइटची तोंडं वेगळ्या दिशेला आहेत, तिथे हा हिशेब चालत नाही. वरच्या मजल्याची सावली पडेल अशा मागच्या रांगा आई-बाबांसाठी उत्तम. मंगळवार-बुधवारची तिकिटं शनिवारपेक्षा स्वस्त असतात. रविवारी बऱ्याच ठिकाणी सामन्यानंतर मुलांना बेसवरून धावू देतात, तो रविवार लेकाच्या नावे ठेवा. त्याला ग्लोव्ह न्यायला सांगा. प्रेक्षकांत आलेला चेंडू परत द्यायचा नसतो, ज्याला मिळाला त्याचा. पण म्हणूनच मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचं नाही, चेंडू फार वेगाने येतो.

बरीच मैदानं सीलबंद पाण्याची बाटली आणि घरचा थोडा खाऊ आत नेऊ देतात, पाठीवरच्या सॅकला मात्र अनेक ठिकाणी मनाई आहे. प्रत्येक मैदानाचे नियम आदल्या रात्री वाचा आणि थेपले-चटणी पारदर्शक पिशवीत न्या. पावसाने सामना रद्द झाला तर तिकीट पुढच्या तारखेला चालतं, पण तुम्ही तोवर दुसऱ्या राज्यात असाल. म्हणून प्रवासाच्या मधोमध एक संध्याकाळ मोकळी सोडा.

डेट्रॉइटला पोचल्यावर 'टोरोंटो जवळच आहे' असा मोह होईल. आई-बाबांच्या पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा नसेल तर तो विषय काढू नका. आणि सेंट लुईस या रिंगणात बसत नाही, पण तुमच्या घरापासून सरळ रस्त्याने चार तासांवर आहे. ते ऑगस्टमधल्या एखाद्या शनिवार-रविवारी करा, आई-बाबा तोवर इथे असतील तर त्यांनाही न्या.