चित्रही काढायचंय, कोडही लिहायचंय: शाखा कोणती घ्यावी?

प्रश्न: बारावी सायन्सला आहे, दारव्हा तालुका. इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड. ॲप-वेबसाइटचं डिझाइन करायचंय, घरचे म्हणतात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घे.

गणित झेपत असेल तर घरच्यांचं ऐक. डिझाइनची कामं आटली तर कोडिंगवर निभतं. नुसतं डिझाइन शिकलेल्याला ऐनवेळी कोडिंगकडे वळणं जड जातं. कॉम्प्युटर की आयटी यावर घरात भांडण नको, फरक थोडा आहे. 'एआय अँड डेटा सायन्स' या पाटीला मात्र भुलू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा सिलॅबस काढ आणि डेटा स्ट्रक्चर्स, डीबीएमएस (डेटाबेसचा विषय), ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क हे चार विषय आहेत का ते बघ.

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीत 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

जोडीला आयआयटी मुंबईच्या यूसीड या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भर. ती बी.डिझ. म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी असते, कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते, आणि एका भागात हातानं स्केच काढावं लागतं. वस्तुचित्राचा सराव कामी येईल, पण तीच वस्तू वरून किंवा मागून कशी दिसेल हे मनानं काढता आलं पाहिजे. जागा मोजक्या आहेत, तेव्हा सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नकोस.

फीचं म्हणशील तर 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यात घेतला की सवलत गेली. गाडी अडते ती कागदांवर. जात पडताळणीला महिने लागतात, म्हणून अर्ज आत्ताच टाक. नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला सेतूतून काढताना नावाचं स्पेलिंग आधार आणि मार्कशीटशी अक्षर न् अक्षर जुळवून घे.

प्रश्न: मुलगा बारावी कॉमर्स, गणित नाही. हिंगणघाटला राहतो. बीसीए की बीसीसीए?

कोडिंगच करायचं असेल तर बीसीए. नागपूर विद्यापीठाच्या बीसीसीएत, म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशनसह कॉमर्सच्या पदवीत, कॉमर्सचेही पेपर असतात; टॅली, जीएसटी, बिलिंग सॉफ्टवेअर अशा कामांकडे कल असलेल्याला तो बरा. बीसीएला 2024 पासून राज्याची सीईटी आहे. बारावीच्या निकालाची वाट बघत बसलात तर फॉर्म सुटेल. पुढे एमसीए डोक्यात असेल तर गणिताची अट माहितीपुस्तिकेत आजच वाचा, पदवीनंतर नव्हे.

प्रश्न: नागपूरची एक ॲनिमेशन संस्था तीन वर्षांत डिग्री आणि नोकरीची हमी देते. मुलीला घालू का? फी भरायला वावर गहाण ठेवावं लागेल.

वावर गहाण ठेवू नका. डिग्री कोणत्या विद्यापीठाची ते लेखी मागा आणि ते नाव यूजीसीच्या यादीत शोधा. नोकरीची हमी पावतीवर लिहून मागितली की बहुतेकांची भाषा बदलते. ॲनिमेशनचं काम प्रोजेक्टवर चालतं. प्रोजेक्ट संपला की माणसं कमी होतात. आधी सहा महिने ब्लेंडर (थ्रीडी ॲनिमेशनचं) आणि क्रिता (चित्रं काढायचं) ही सॉफ्टवेअर घरी शिकू द्या, दोन्ही फुकट आहेत. शिकण्यापुरतं ब्लेंडर 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालतं, जड कामाला मात्र जास्त रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड बरं; क्रिता साध्यावरही चालतं.

प्रश्न: ॲप डिझाइनच्या पोर्टफोलिओत (कामाच्या नमुन्यांत) काय ठेवू? सगळे फूड डिलिव्हरीचं ॲप करतात.

म्हणूनच तू करू नकोस. बाजार समितीचे भाव दाखवणारा एक स्क्रीन कर: किमान, कमाल, सर्वसाधारण दर, सगळे क्विंटलमागे. शेतकरी तो भर उन्हात बघणार, तेव्हा फिकट राखाडी अक्षरं बाद. अक्षर आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान 4.5:1 हवा. रेंज गेली की कोरा स्क्रीन नको, शेवटचा भाव तारखेसह दिसू दे. आणि इंग्रजी टेम्प्लेटमधलं 1.2 लाइन-हाइट (ओळींमधलं अंतर) तसंच ठेवलंस तर 'कापूस'चा ऊकार खालच्या ओळीतल्या 'सोयाबीन'च्या वेलांटीला भिडतो. 1.5 किंवा 1.6 करून आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही स्क्रीन शेजारी ठेव, खाली दोन ओळींत कारण लिही. मुलाखतीत प्रश्न येतात ते त्या दोन ओळींवरच.