हजेरीचे यंत्र आणि माणसाची पारख

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकचे सुटे भाग तयार करणारा आमचा लहानसा कारखाना आहे, कामगार चाळीसेक. मामांनी तो वर्षानुवर्षे तोंडी शब्दावर चालवला. कारभार माझ्याकडे आल्यावर मी अंगठ्याचे हजेरी यंत्र बसवले, आणि महिन्यात तीनदा पंधरा मिनिटांहून अधिक उशीर झाल्यास अर्ध्या दिवसाचा पगार कापण्याचा नियम फलकावर लावला. आमचे एक जुने टर्नर (लेथवर काम करणारे कारागीर) बोअर, म्हणजे भागाचे आतले भोक, जरासा चुकला तरी तो जॉब (घडवायचा भाग) स्वतःहून बाजूला काढून सांगायला येतात. पत्नीच्या डायलिसिसमुळे त्यांना आठवड्यातून दोनदा उशीर होतो आणि दर महिन्याला त्यांचा पगार कापला जातो. याउलट एक तरुण मिनिटभरही उशिरा येत नाही, पण तपासणीच्या तक्त्यात तो न मोजताच आकडे भरतो असा माझा संशय आहे. मामा म्हणतात, नियम काढून टाक, माणूस बघ. सुपरवायझर म्हणतात, एकाला सूट दिली की शिस्त संपली. त्यातच टर्नर मराठी आणि कुरकुर करणारे बहुतेक कन्नड भाषक असल्याने ‘आपला माणूस’ म्हणून सूट दिली, असेच बोलले जाईल. काय करावे?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : चारित्र्याचा विचार करण्यापूर्वी आपला नियम तपासू, कारण तो मुळातच टिकणारा नाही. कामगार जेवढा वेळ गैरहजर राहिला तेवढ्याच वेळेचा पगार कापता येतो, हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही कायम आहे. दंड करायचा तर त्याची वेगळी रीत आहे : संबंधिताचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, त्या वेतनकाळातील एकूण दंड पगाराच्या तीन टक्क्यांवर जाऊ शकत नाही, त्याची नोंद ठेवावी लागते आणि ती रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्चावी लागते. पाऊण तासाच्या उशिरासाठी अर्धा दिवस कापणे या चौकटीत बसत नाही. शिस्तीच्या नावाखाली आपणच नियम मोडत होता, हे सुपरवायझरांना आधी समजावून सांगावे.

मामांचा सल्ला मनाला भावतो, पण तो अपुरा आहे. त्यांच्या काळातही नियम होतेच. ते फलकावर नव्हते, मामांच्या डोक्यात होते, एवढेच. कोणाच्या घरी काय अडचण आहे, कोण खरे बोलतो आणि कोणाला बेळगावातल्या ‘दुसऱ्या रेल्वे गेट’वर फक्त सोमवारीच अडकायला होते, हे त्यांना ठाऊक होते, म्हणून ती पद्धत चालली. मात्र ज्याच्या घरचे मामांना माहीत नव्हते, किंवा ज्याला मराठीत आपली अडचण नीट मांडता येत नव्हती, त्याच्या वाट्याला ती माणुसकी कितपत आली असेल, हे मामांना एकदा विचारून पाहावे. माणूस बघून निर्णय करणारा मालक ओळखीच्या माणसालाच अधिक बघतो, आणि आपल्या सीमाभागात ओळख व भाषा यांची गाठ फार लवकर बसते.

उलट, नियमाने माणूस घडवता येईल ही अपेक्षाही फोल आहे. याचा दाखला आपल्या गावातच सापडतो. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा सभासदत्वासाठी दरमहा दोन हजार वार सूत देण्याची अट मंजूर झाली. श्रमाविषयीचा आदर अंगी बाणावा हा हेतू होता. पण दुसऱ्याने कातलेले सूत देण्याची मुभा त्याच अटीत ठेवावी लागली, आणि वर्ष पुरे होण्याआधी, १९२५ च्या सप्टेंबरात पाटण्याच्या बैठकीत चार आणे वर्गणीचा पर्याय पुन्हा आला. सुताचे वार मोजता येत होते, ते देणाऱ्याची निष्ठा मोजण्याची सोय नव्हती. आपले हजेरी यंत्रही अंगठा किती वाजता टेकला एवढेच सांगते.

म्हणून टर्नरांना सूट देऊ नये. सवलत नियमातच लिहावी. घरातील गंभीर आजारपणात शुश्रूषेसाठी ज्याला उशिरा यावे लागते, त्याने आगाऊ कळवून कागद दाखवल्यास ठरावीक तासांपर्यंत कपात होणार नाही आणि तो वेळ कामाच्या कायदेशीर मर्यादेत राहून भरून देता येईल, असे कलम घालावे. ते टर्नरांना लागू होईल, तसेच उद्या हुक्केरीहून येणाऱ्या हेल्परच्या आईलाही लागू होईल. सूचना एकाच कागदावर कन्नड व मराठीत, सारख्याच आकाराच्या अक्षरांत लावावी. अर्जाचा निर्णय आपण एकट्याने न करता कामगारांचा विश्वास असलेल्या एका कन्नड भाषक सहकाऱ्याला सोबत घेऊन करावा आणि सवलत का दिली वा नाकारली याचे कारण वहीत लिहावे. आजाराचा तपशील मात्र फलकावर जाता कामा नये. कुरकुर एका दिवसात थांबणार नाही, पण तिला उत्तर देण्यासाठी आपल्या हातात वही असेल. जुलैत खानापूरकडची मंडळी भातलावणीसाठी रजा मागतात, तेव्हाही हीच पद्धत उपयोगी पडेल.

तरुणाचे प्रकरण मला अधिक गंभीर वाटते, कारण न मोजलेला बोअर ग्राहकाच्या यंत्रात जाऊन बसतो. तरीही संशयावरून त्याला बोलावू नये. त्याने भरलेले मागचे तक्ते शांतपणे पाहावेत. खऱ्या मोजमापात आकडा थोडा वर-खाली होतच असतो. ओळीने पंचवीस जॉबना शेवटच्या दशांशापर्यंत एकच आकडा दिसला, तर गेज, म्हणजे मोजायचे साधन, पेटीतून बाहेर आले नसण्याची शक्यता मोठी असते. मग त्याच शिफ्टमध्ये, त्याच्यासमोर, त्याच्या क्रेटमधले काही जॉब पुन्हा मोजावेत आणि ही फेरतपासणी सर्व मशीनवर सुरू ठेवावी. लबाडी सिद्ध झाली तर त्याचे म्हणणे ऐकून कारवाई करण्यात संकोच नको. त्याचबरोबर तीन मशीनना मिळून एकच बोअर गेज आहे काय, आणि दिलेले उत्पादनाचे लक्ष्य खरोखर मोजमाप करून गाठता येते काय, हेही पाहावे. चुकलेला जॉब टर्नर स्वतःहून दाखवतात, कारण त्याबद्दल मामांनी त्यांना कधी चारचौघांत फैलावर घेतले नसावे. त्या तरुणाने पहिला बिघडलेला जॉब दाखवला तेव्हा सुपरवायझर काय बोलले होते, याची चौकशी करावी.

आपला स्वतःचा अंगठा त्या यंत्रावर रोज टेकतो की नाही, हे आपण लिहिलेले नाही. टेकत नसेल तर उद्यापासून टेकवावा.

नवी सूचना लावण्याआधी आतापर्यंत जास्तीची कापलेली रक्कम, केवळ टर्नरांची नव्हे तर ज्यांची ज्यांची कापली त्या सर्वांची, पुढच्या पगारात परत करावी आणि पगारपत्रकावर ती कशाची आहे हे स्पष्ट लिहावे.