हान कांग यांचं नोबेल, नामांकनं आणि ‘लॉबिंग’चा प्रश्न

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: 2024चं साहित्याचं नोबेल मिळवणाऱ्या दक्षिण कोरियाच्या लेखिका हान कांग यांच्याआधी किती कोरियन लेखकांना नोबेलचं नामांकन मिळालं होतं, 2024च्या नोबेलमागे कोरियन सरकारचं लॉबिंग होतं का, आणि मराठी पुस्तक तिथवर का पोचत नाही.

पहिल्याचं उत्तर कोणीच देऊ शकत नाही. साहित्याच्या नोबेलसाठी कोणाची नावं आली हे पन्नास वर्षं गुप्त राहतं. नावं सुचवतात ती हे नोबेल देणाऱ्या स्वीडिश अकादमीची आणि तशाच संस्थांची सदस्य मंडळी, साहित्याचे आणि भाषाशास्त्राचे प्राध्यापक, आधीचे विजेते आणि लेखक संघटनांचे अध्यक्ष. लेखकाला स्वतःचं नाव देता येत नाही. त्यामुळे बातम्यांत ‘नामांकन मिळालेला कवी’ असं येतं तेव्हा ती बहुतेकदा सट्टेबाजांची यादी असते. कोरियन कवी को उन यांच्या घराबाहेर कित्येक वर्षं दर ऑक्टोबरला पत्रकार जमायचे, तेही अशाच अंदाजांवर.

इंग्रजीत अनुवादित पुस्तकांना मिळणाऱ्या इंटरनॅशनल बुकर पारितोषिकाची लाँगलिस्ट आणि शॉर्टलिस्ट मात्र जाहीर होते, म्हणून कोरियाची वाटचाल पाहायची तर तिथे पाहा. 2016 मध्ये हान कांग यांच्या ‘द व्हेजिटेरियन’ या कादंबरीला पारितोषिक मिळालं, 2018 मध्ये हान कांग पुन्हा शॉर्टलिस्टवर होत्या, आणि मग 2022, 2023, 2024 अशी सलग तीन वर्षं एकेक कोरियन पुस्तक शॉर्टलिस्टवर: बोरा चुंग, चन म्यंग-ग्वान, ह्वांग सोक-यंग. त्यातली चन यांची कादंबरी कोरियनमध्ये 2004 सालीच आली होती. पुस्तक तयार होतं, फक्त इंग्रजीत यायला एवढी वर्षं लागली.

आता लॉबिंग. ऑस्करला प्रचार उघडपणे चालतो, आणि तरी 1962 पासून चित्रपट पाठवणाऱ्या कोरियाला परभाषिक विभागातलं पहिलं नामांकन ‘पॅरासाइट’मुळे 2020 मध्ये मिळालं. साहित्यात सरकारनं केलं ते वेगळं आणि माझ्या मते जास्त शहाणपणाचं: अनुवादावर पैसा लावला. 1996 मध्ये त्यासाठी निधी उभा राहिला, 2001 मध्ये त्याची साहित्य-अनुवाद संस्था झाली, आणि 2008 पासून तिथे अनुवादकांना शिकवायला अकादमी आहे. अनुवादकाला मानधन, परदेशी प्रकाशकाला अनुदान, हे वर्षानुवर्षं चालू राहिलं. देसान फाउंडेशनसारख्या खासगी संस्थाही त्यात होत्या.

तरीही सगळं श्रेय सरकारला देऊ नका. ‘व्हेजिटेरियन’च्या अनुवादक डेबोरा स्मिथ या ब्रिटिश. पदवीनंतर त्या स्वतःहून कोरियन शिकायला लागल्या. त्यांच्या अनुवादातल्या चुकांवर कोरियात बरीच टीका झाली आणि ती वाचण्यासारखी आहे. पण त्या अनुवादाशिवाय पुढचं दार उघडलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं. बुकरचे 50,000 पाउंड लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात. मला या पारितोषिकाचा सगळ्यात आवडता नियम हाच.

मराठीचं उत्तरही इथेच आहे. इंटरनॅशनल बुकरसाठी इंग्रजी अनुवाद ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रकाशित व्हावा लागतो. दिल्लीत किंवा मुंबईत निघालेली उत्तम आवृत्ती चालत नाही. गीतांजली श्री यांचं ‘रेत समाधी’ हे हिंदी पुस्तक इंग्रजीत ब्रिटनमध्ये काढलं ते टिल्टेड ॲक्सिस या छोट्या प्रकाशनानं, आणि ते सुरू केलं होतं याच डेबोरा स्मिथ यांनी! 2022 मध्ये ‘रेत समाधी’ जिंकलं, तेव्हा शॉर्टलिस्टवर शेजारी बोरा चुंग होत्या. मराठी कादंबऱ्या कमी पडतात म्हणून हे अडलेलं नाही. त्या इंग्रजीत आणून लंडनच्या संपादकापुढे ठेवणारी माणसं आपण जोपासलेली नाहीत.

आणि सरकारी कृपेची शंका असेल तर हेही लक्षात घ्या: कोरियाच्या माजी राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्या राजवटीत कलावंतांची जी काळी यादी बनली, तिच्यात हान कांग यांचं नाव होतं. 1980 साली कोरियातल्या ग्वांगजू शहरात लष्करानं नागरिकांची कत्तल केली, त्यावर त्यांनी कादंबरी लिहिली होती. नोबेल व्याख्यानात त्यांनी सांगितलं की, बाराव्या वर्षी घरातल्या फडताळात उलटं ठेवलेलं एक छायाचित्रांचं पुस्तक त्यांच्या हाती लागलं. ते लपूनछपून वाटलं जायचं. मोठी माणसं नसताना त्यांनी ते पाहिलं. त्यात ठार झालेल्यांचे चेहरे होते, आणि जखमींना रक्त द्यायला इस्पितळासमोर लागलेली रांगही होती. माणसं एकमेकांशी असंही वागतात आणि तसंही, हा प्रश्न तिथून त्यांच्या लेखनात आला. हे व्याख्यान 7 डिसेंबर 2024 चं. त्याच्या चारच दिवस आधी सोलमध्ये पुन्हा लष्करी कायदा पुकारला गेला होता.

म्हणून वाचायला सुरुवात ‘व्हेजिटेरियन’पासून करू नका. आधी ग्वांगजूची कादंबरी ‘ह्यूमन ॲक्ट्स’ घ्या. कविता आवडत असतील तर त्यानंतर कोरियन कवयित्री किम हे-सून. डॉन मी चोई यांच्या अनुवादासाठी त्यांना 2019 चं ग्रिफिन हे कवितेचं पारितोषिक मिळालं आहे.