वाचकांचे प्रश्न : मॉरिशसमध्ये घर बदलताना

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही पोर्ट लुईमध्ये भाड्याने राहतो. उकाड्याला कंटाळून क्युरपीपला मोठ्या घरात जाण्याचा विचार आहे. घर पाहताना कशाकडे लक्ष द्यावे?

उत्तर : क्युरपीप सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने तेथे उकाडा बराच कमी आहे, परंतु पाऊस आणि दमटपणा पोर्ट लुईपेक्षा पुष्कळच अधिक, त्यामुळे दिवाणखान्याच्या थाटावर न भाळता भिंतीतली कपाटे उघडावीत आणि आतल्या पाठीला बुरशी धरली आहे का, हे हात लावून पाहावे. नुकताच दिलेला रंग ओल बेमालूम लपवतो. १९६० च्या कॅरोल चक्रीवादळात हजारो घरे उद्ध्वस्त झाल्यानंतर या बेटावर काँक्रीटची घरे रूढ झाली. ती वादळात टिकतात. मात्र सपाट स्लॅबवर पाणी साचते का आणि वॉटरप्रूफिंग केव्हा केले होते, हे मालकांना विचारावे, तसेच गळतीचा खर्च कोणाकडे, ते करारनाम्यात लिहून घ्यावे. नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचा मुख्य हंगाम असल्याने सामान त्यानंतर हलवलेले बरे. कचेरी पोर्ट लुईतच राहणार असेल, तर मेट्रो स्थानकाजवळचे घर एका खोलीने लहान असले तरी आम्ही तेच निवडू.